पोषक द्रावणाची तीव्रता (कोकणातील हायड्रोपोनिक्स)

पोषक द्रावणाची तीव्रता : मातीविना शेतीत, म्हणजेच हायड्रोपोनिक्समध्ये, पिकाला लागणारी खनिज द्रव्ये पाण्यात विरघळवून थेट मुळांना देतात. अशा पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण म्हणजे द्रावणाची तीव्रता. ती विद्युतवाहकतेवरून मोजतात. व्यवहारात तिला ‘ईसी’ म्हणतात आणि मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात सांगतात (डेसीसीमेन्स प्रति मीटर हे मूल्याने तेच एकक). तीव्रता कमी पडली तर पीक उपाशी राहते. ती वाढली तर मुळांना पाणी ओढणे जड जाते, कारण ईसी १ ने वाढली की द्रावणाचा परासरण दाब (क्षारांमुळे पाणी धरून ठेवणारी ओढ) सुमारे ०.३६ बारने वाढतो. टाकीत पाणी भरपूर असताना दुपारी पाने मलूल दिसतात, ती बहुधा यामुळेच.

पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात शेडनेट वा पॉलिहाऊसमध्ये लेट्यूस, पालक, तुळशीच्या विदेशी जाती, ढोबळी मिरची, काकडी अशी पिके या पद्धतीने घेतली जातात. तेथे तीव्रतेचा प्रश्न देशावरल्यापेक्षा वेगळा असतो. एकाच विहिरीचे पाणी श्रावणात जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके हलके असते आणि वैशाखात मचूळ होते. त्यामुळे मीटरवरचा एकच आकडा वर्षभर एकाच अर्थाचा राहत नाही.

इतिहास : मातीविना वनस्पती वाढवण्याची सुरुवात कोठे झाली याबद्दल मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात बॅबिलोनच्या झुलत्या बागा आणि मेक्सिकोतील आझ्टेक लोकांचे चिनाम्पा मळे यांना पहिला मान दिला जातो. झुलत्या बागांच्या अस्तित्वाविषयीच अभ्यासकांत एकमत नाही. चिनाम्पा हे तळ्यातील गाळ व वनस्पतींचे थर रचून केलेले वाफे होत, म्हणजे तेथे माती आहेच. काश्मीरच्या दल सरोवरातील तरंगत्या मळ्यांचीही तीच गोष्ट. त्यामुळे या सर्वांना पूर्वज न म्हणता दूरचे नातलग म्हणणे अधिक सुरक्षित वाटते.

प्रयोगाने तपासता येणारा पहिला दुवा इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांचा मानला जातो. पावसाचे, थेम्स नदीचे आणि नळाचे पाणी घेऊन त्यांनी त्यांत पुदिना वाढवला व निष्कर्ष १६९९ मध्ये प्रसिद्ध केले. पाणी जितके गढूळ तितकी वाढ अधिक, असे त्यांना आढळले. त्यांनी त्याचा अर्थ ‘मातीचा अंश झाड खाते’ असा लावला, तरी पाण्यातल्या द्रव्याचे प्रमाण आणि वाढ यांचा संबंध येथे प्रथम नोंदला गेला आणि तीव्रतेच्या विचाराचे मूळ येथे धरायला हरकत नाही. पुढे १८६० च्या दशकात जर्मनीत युलियस फॉन झाक्स व विल्हेल्म क्नोप यांनी ठरावीक क्षारांची द्रावणे तयार केली आणि तीव्रता दर लिटरला अमुक ग्रॅम अशी सांगण्याची रीत पडली.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९२९ पासून हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर आणले. त्याच विद्यापीठातील डेनिस हॉगलंड व डॅनियल आर्नॉन यांनी १९३८ मध्ये दिलेले द्रावण (सुधारित रूप १९५०) आजही मोजमापाचा आधार आहे. त्यात दर लिटरला नत्र सुमारे २१०, पालाश (पोटॅशियम) २३५, कॅल्शियम २००, स्फुरद (फॉस्फरस) ३१, मॅग्नेशियम ४८ व गंधक ६४ मिलिग्रॅम असते, आणि ईसी साधारण २ च्या आसपास येते. ‘पूर्ण’, ‘अर्धी’, ‘पाव’ तीव्रता ही भाषा याच द्रावणाला एक धरून बोलली जाते. उत्तम मातीपेक्षा द्रावणात उत्पन्न जास्तच येते असा दावा मात्र हॉगलंड व आर्नॉन यांनी मान्य केला नव्हता, आणि हे आज विसरले जाते.

भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास बंगालमधील कालिंपाँग येथे केलेले काम पायाभूत आहे. खडी व वाळूच्या वाफ्यावर कोरडे क्षार टाकून वर पाणी शिंपडायचे, अशी ती कमी खर्चाची ‘बंगाल पद्धत’ होती. तीव्रतेचे सूक्ष्म मोजमाप तिला लागत नसे. मुसळधार पावसाच्या प्रदेशात ती उभी राहिली, म्हणून कोकणाच्या दृष्टीने तिच्याकडे अधिक लक्ष जायला हवे होते, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. पन्हाळीतून द्रावणाचा पातळ थर सतत वाहता ठेवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. रोज ईसी पाहून द्रावण जुळवण्याची सवय साधारणपणे त्या पद्धतीच्या प्रसारानंतर, १९७० च्या दशकात रुळली असावी.

मोजमाप आणि त्याची मर्यादा : विद्युतवाहकता आयनांची, म्हणजे क्षार विरघळल्यावर होणाऱ्या विद्युतभारित कणांची, बेरीज सांगते, कोणता आयन किती हे सांगत नाही. पोटॅशियम, नायट्रेट, सोडियम, क्लोराइड हे सर्व वीज वाहून नेतात आणि मीटरला सारखेच. उलट युरिया पाण्यात विरघळूनही वीज वाहत नाही, म्हणून तो मीटरला दिसत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के) या विद्राव्य खतात निम्म्याहून अधिक नत्र युरियारूपात असते. ते टाकून ईसी जुळवली तर आकडा बरोबर आणि पोषण चुकीचे अशी स्थिती होते. शिवाय युरियाचे रूपांतर करणारे जिवाणू मातीत जितके असतात तितके स्वच्छ पन्हाळीत नसतात. म्हणून या पद्धतीत कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट), मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधून विद्राव्य ठेवलेली) सूक्ष्म अन्नद्रव्ये वापरतात. कॅल्शियम नायट्रेटचे घट्ट द्रावण ‘अ’ टाकीत, तर सल्फेट व फॉस्फेटचे ‘ब’ टाकीत ठेवावे लागते. घट्ट स्थितीत दोन्ही एकत्र आले तर जिप्सम व कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो.

पीपीएममध्ये तीव्रता सांगताना आणखी एक घोळ होतो. काही मीटर ईसी १ ला ५०० पीपीएम धरतात, काही ७००. एकाचे ‘१००० पीपीएम’ म्हणजे ईसी २, तर दुसऱ्याचे सुमारे १.४. इंटरनेटवर फिरणारे खत-तक्ते अनेकदा कोणत्या मापाचे हे न सांगताच उचलले जातात. त्यांतले बरेचसे तर ज्या देशांत परवानगी आहे तेथील औषधी भांगेच्या लागवडीतून आलेले असतात. भारतात परवान्याविना भांगेची लागवड १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कृषिदृष्ट्याही त्या पिकाच्या फुलोऱ्याचे आकडे पालकाला लावणे चुकीचेच.

मीटरला तापमान-भरपाई नसेल तर २५ अंश सेल्सियसच्या वर दर अंशाला आकडा सुमारे २ टक्के जास्त दिसतो. एप्रिलमध्ये टाकीतले पाणी ३५ अंशांवर गेले की १.५ ची ईसी १.८ दिसते.

कोकणातील पाणी : जांभ्यातल्या विहिरींचे पाणी सामान्यतः मृदू, थोडे आम्लधर्मी आणि बायकार्बोनेटने गरीब असते. घाटमाथ्यापलीकडे बेसाल्टमधल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट पुष्कळ सापडतात. त्यामुळे देशावरच्या पाण्यासाठी बेतलेली कृती कोकणात तशीच वापरली तर कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी पडतात, आणि सामू (पीएच) धरून ठेवणारे काही नसल्याने तो झपाट्याने हलतो. सामू ५.५ ते ६.५ मध्ये राखणे इष्ट. त्यापुढे गेल्यास ईडीटीए चिलेटमधले लोह निरुपयोगी होऊ लागते आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात.

किनाऱ्यालगत आणि खाडीकाठी प्रश्न उलटा आहे. समुद्राच्या पाण्याची ईसी सुमारे ५० असते. म्हणजे गोड्या पाण्याच्या शंभर बादल्यांत समुद्राची एक बादली मिसळली तरी ईसी सुमारे ०.५ ने वाढते. उन्हाळ्यात उपसा वाढतो, गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खारे पाणी आत सरकते. समजा, खाडीकाठच्या एका विहिरीच्या पाण्याची ईसी ऑगस्टमध्ये ०.२ आणि मे महिन्यात १.१ आहे. पालकासाठी टाकी १.८ वर आणायची. ऑगस्टमध्ये १.६ इतका वाटा खताचा असेल, मे महिन्यात फक्त ०.७. मीटर दोन्ही वेळा १.८ दाखवेल, पण दुसऱ्या टाकीत अन्न निम्म्याहून कमी आणि बाकी बहुतांशी मीठ. मे महिन्यातही खताचा वाटा १.६ च ठेवायचा म्हटले तर एकूण २.७ होते, आणि ते लेट्यूससारख्या पिकाला सोसत नाही. म्हणून कोकणात तीव्रता नेहमी कच्च्या पाण्याच्या आकड्यापासून वर मोजावी आणि कच्चे पाणी दर महिन्याला, फाल्गुनापासून तर दर आठवड्याला तपासावे.

सर्वांत स्वस्त उपाय पागोळ्यांचे पाणी साठवण्याचा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १२५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर १०,००० लिटरची टाकी भरते. आषाढात एवढ्या पावसाला फार दिवस लागत नाहीत. हे पाणी वरील विहिरीच्या मे महिन्यातल्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले तर कच्च्या पाण्याची ईसी ०.६ च्या आसपास येते आणि १.८ मध्ये खताला १.२ चा वाटा उरतो. छप्पर जस्ताच्या पत्र्याचे असेल तर पाण्यात जस्त उतरते, म्हणून पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे. कौलारू छपराला हा त्रास नाही.

पिकांचे आकडे : प्रचलित तक्त्यांत लेट्यूससाठी ईसी ०.८ ते १.२ (काहींच्या मते १.८ पर्यंत), विदेशी तुळशीसाठी १.० ते १.६, पालकासाठी १.८ ते २.३, काकडीसाठी १.७ ते २.५, ढोबळी मिरचीसाठी १.८ ते २.२ आणि टोमॅटोसाठी २ ते ४ असे पल्ले येतात. रोपावस्थेत यांच्या निम्म्याने सुरुवात करतात. हे पल्ले बहुतेक थंड प्रदेशांतल्या काचघरांतून आले आहेत. क्षार सोसण्यात बीट व पालक बळकट, लेट्यूस मध्यम, स्ट्रॉबेरी व घेवडा कमकुवत समजले जातात. लाल माठासारख्या स्थानिक भाज्यांना सहसा पालकाच्या खालच्या बाजूचे आकडे लावतात.

ऋतुमान आणि मतभेद : पावसाळ्यात तीव्रता वाढवावी की उतरवावी, यावर दोन मते आहेत. उत्तर युरोपातील काचघरांचा अनुभव सांगतो, की प्रकाश कमी असताना ईसी वाढवावी म्हणजे वाढ लुसलुशीत होत नाही. टोमॅटोपुरते ते खरे आहे. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र ढगांबरोबर हवेत ओलावाही असतो. पानांतून बाष्प कमी उडते, आणि कॅल्शियम झाडात त्याच ओढीने वर चढत असल्याने आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही. लेट्यूसच्या गाभ्यातली पाने उघडून पाहिली तर कडांवर तपकिरी, करपल्यासारखी किनार दिसते. अशा वेळी टाकीत आणखी कॅल्शियम ओतण्याने भागत नाही आणि ईसी वाढवली तर दोष वाढतो. पालेभाज्यांसाठी पावसाळ्यात पल्ल्याचा खालचा आकडा धरून पंख्याने हवा खेळती ठेवावी, हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते.

उन्हाळ्यात पाणी खतापेक्षा वेगाने संपते, म्हणून टाकीतली ईसी आपोआप चढते. भर घालताना साधे किंवा निम्म्या तीव्रतेचे पाणी घालावे. ईसी उतरत असेल तर पीक अन्न जास्त घेत आहे, स्थिर असेल तर जुळणी बरोबर आहे. तुलनेसाठी मोजणी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी करावी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम असतो, तर ३० अंशांना ७.६. मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊ लागली तर खताच्या आधी तापमान पाहावे. टाकी जमिनीत बसवून वर झापांची सावली केल्याने पुष्कळ फरक पडतो.

द्रावण बदलणे : नत्र, स्फुरद व पालाश मुळे झपाट्याने उचलतात, मॅग्नेशियम व गंधक मध्यम वेगाने, तर कॅल्शियम व बोरॉन सावकाश. त्यामुळे केवळ ईसी पाहून भर घालत राहिलेल्या टाकीत काही आठवड्यांनी रचना बिघडते आणि मचूळ पाण्यावर चालणाऱ्या टाकीत सोडियम व क्लोराइड साचतात. काही तज्ज्ञ द्रावण कधीच न टाकता झाडाच्या गरजेच्या प्रमाणात भर घालण्याचा पुरस्कार करतात. पाणी शुद्ध असेल तेथे ते शक्य आहे. किनारपट्टीवर दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण बदल करणे अधिक भरवशाचे.

वापरलेले द्रावण टाकण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. लिटरमागे १५० मिलिग्रॅम नत्र उरले असेल तर नायट्रेटच्या हिशेबात ते सुमारे ६६० मिलिग्रॅम होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ४५ आहे. जांभा सच्छिद्र असल्याने असे पाणी आवारात सोडले तर ते स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरू शकते. ते पातळ करून विहिरीपासून लांबच्या नारळांच्या आळ्यांत, एका जागी न ओतता बागभर थोडे थोडे द्यावे. नारळ पालाशाचा मोठा भोक्ता आहे आणि थोडा खारटपणाही सोसतो. पावसाळ्यात आळी तुडुंब असताना मात्र हे करू नये. तेव्हा ते वेगळ्या टाकीत साठवून उघडीप मिळाल्यावर वापरावे.