स्की रिसॉर्ट विकत घेतलं म्हणजे डोंगर विकत घेतला का?

‘मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेतले बर्फाचे डोंगरच विकत घेतले’ असा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. रिसॉर्टच्या पाटीवर कंपनीचं नाव दिसतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण कोलोरॅडोतल्या व्हेल किंवा ब्रेकनरिज या रिसॉर्टचे स्की-उतार बहुतांशी राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर आहेत. तिथली मालकी सरकारची. कंपनीकडे असतो तो परवाना. १९८६ च्या कायद्यानुसार तो जास्तीत जास्त ४० वर्षांचा असतो आणि त्यासाठी उत्पन्नाच्या प्रमाणात शुल्क भरावं लागतं. एसटी स्टँडवरचं कॅन्टीन चालवायला घेतलं म्हणून स्टँड आपला होत नाही, तसंच हे.

मग खरेदीत मिळतं काय? लिफ्ट (म्हणजे लोकांना डोंगरावर नेणारे पाळणे-खुर्च्या), कृत्रिम बर्फाची यंत्रणा, उपाहारगृहं, नाव आणि बहुधा पायथ्याची खासगी जमीन. खरा पैसा पुष्कळदा या पायथ्यातच असतो! परवाना मात्र विक्रीबरोबर आपोआप जात नाही, नव्या मालकाला अर्ज करावा लागतो. वनजमिनीवर नवी लिफ्ट किंवा नवे उतार हवे असतील तर आधी पर्यावरणीय तपासणी होते. मोठ्या विस्तारावर लोकांच्या हरकतीही मागवतात.

हे सगळीकडे लागू नाही. युटातल्या पार्क सिटी रिसॉर्टची जमीन बहुतांशी खासगी आहे. म्हणून रिसॉर्टनिहाय तपासावं: राष्ट्रीय वनाच्या नकाशात हद्द बघा, काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) जमीन-नोंदी ऑनलाइन पाहा. रिसॉर्टच्या संकेतस्थळावर तळाशी बारीक अक्षरांतही परवान्याचा उल्लेख अनेकदा सापडतो.