कंबर धरली तर: आमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

"सर, बार उचलताना कमरेत कट् झालं, आता सरळच होता येईना." आमच्या लातूरच्या व्यायामशाळेत हे वाक्य वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतं. बोलणारा कधी पोलीस भरतीची तयारी करणारा असतो, कधी दिवसभर क्लासला बसून संध्याकाळी आलेला नीटचा विद्यार्थी, कधी मार्केट यार्डातला आडत दुकानदार. घरी गेल्यावर त्याला तीन सल्ले मिळतात. आजी म्हणते, उसण भरली, पायाळू माणसाचा पाय लावून घे. शेजारी म्हणतात, मणक्यात गॅप पडला, आता जन्मात वजन उचलू नको. मित्र म्हणतो, एक गोळी घे आणि उद्या ये. या तिघांच्या मध्ये सापडलेल्या सभासदासाठी हे पत्रक आहे.

आधी एवढं तपासा

कमरेचं दुखणं कितीही जोराचं असलं तरी बहुतेक वेळा ते घातक नसतं. पण काही खुणा दिसल्या तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा सुटला, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर पाठीच्या कण्यात खालच्या बाजूला असलेला नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. यात दिवस नाही, तास मोजावे लागतात. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरी, संभाजीनगरला घाटी. गावाकडून येताना जे जवळ पडेल तिथे जा. 'त्या जागी' बधिर झालंय हे सांगायला पोरं लाजतात. कृपा करून लाजू नका, डॉक्टरांना हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगा.

चालताना पाऊल लोंबकळून चप्पल पायातून निसटू लागली, कंबरदुखीसोबत ताप आला, कारण नसताना वजन घटू लागलं, किंवा आधी कधी कर्करोगाचा उपचार झालेला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणखी एक गोष्ट वीस वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांसाठी. मुलाची कंबर वाकताना नाही, तर मागे कमान करताना दुखत असेल, त्यातही एकाच बाजूला, तर ती स्नायूची लचक समजून सोडू नका. या वयात मणक्याच्या मागच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. वेगवान गोलंदाजांना होते तीच ही दुखापत. तिला वेळेवर विश्रांती मिळाली तर ती बहुतेक वेळा भरून येते.

आत नेमकं काय झालेलं असतं

कमरेत पाच मणके असतात आणि दर दोन मणक्यांमध्ये एक गादी. गादीचं बाहेरचं कडं चिवट, आतला गाभा मऊ आणि पाण्याने भरलेला. पाठ गोल करून जड वजन उचललं की गाभा मागच्या बाजूला रेटला जातो. कडं फाटून गाभा बाहेर आला आणि नसेला टेकला, की कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. गादी सरकण्याचे बहुतेक प्रकार सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमध्येच होतात, कारण भार तिथेच येतो. पण कमरेत चमक भरलेल्या प्रत्येकाची गादी सरकलेली नसते. बऱ्याच वेळा स्नायू आणि मणक्यांचे छोटे सांधे दुखावतात आणि शरीर बचावासाठी सगळी कंबर आवळून धरते. ते आवळणंच आपल्याला सर्वात जास्त जाणवतं. कंबर एका बाजूला वाकडी होते तीही याच कारणाने.

उसण साधारण दोन-चार दिवसांत उतरू लागते, आणि साधी कंबरदुखी बहुतेकांची चार ते सहा आठवड्यांत बरी होते. पायाळू माणसाच्या पायाला यश येतं ते यामुळेच. आजीचं मन मोडू नका, पाय नुसता टेकवून घ्या. पण कुणाला कमरेवर उभं राहू देऊ नका आणि 'नस बसवतो' म्हणून झटका देणाऱ्याच्या हातात पाठ देऊ नका.

गादी झिजली की लोक 'गॅप' म्हणतात. त्या शब्दाने माणूस जितका खचतो तितका दुखण्याने खचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून एक आकडा सांगतो. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, आणि ज्यांना कसलाही कमरेचा त्रास नव्हता अशा विशीतल्या लोकांमध्येही सुमारे ३७ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये गादीची झीज दिसली. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होतं. म्हणजे गादीची झीज केस पांढरे होण्यासारखी आहे, फोटोत दिसली म्हणून दुखणं तिचंच असं नाही. वर सांगितलेल्या खुणा नसतील तर पहिल्याच आठवड्यात एमआरआयवर हजारो रुपये घालवण्याची गरज नसते. आणि गादी खरंच सरकली असली, तरी बाहेर आलेला भाग पुष्कळ जणांमध्ये काही महिन्यांत आपोआप आक्रसत जातो.

पहिले दिवस

मी स्वतः इथे चुकलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुण्याहून रात्रभर बसने आलो आणि घरी न जाता सकाळी सहाला थेट ११० किलो डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलून उभं राहण्याच्या व्यायामाला, उभा राहिलो. दुसऱ्यांदा उचलताना कंबर गेली. नऊ दिवस पलंगावर पडून राहिलो, जेवणही आडवंच. दहाव्या दिवशी उठलो तेव्हा कमरेइतकेच पायही लटपटत होते. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून ८० किलो लावले आणि पुन्हा धरली. पूर्ण बरा व्हायला पाच महिने गेले. त्यातले निम्मे तरी वाचले असते असं मला आजही वाटतं.

गादीला थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो. दाब पडतो, सुटतो, त्यातून ती आजूबाजूचं पोषण शोषून घेते. पडून राहिलं की हे थांबतं. म्हणून पहिल्या दिवशी फार तर अर्धा दिवस आराम करा. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या की बहुतेकांना हायसं वाटतं. मग दर तासा-दोन तासांनी उठून अंगणात किंवा गच्चीवर पाच-दहा मिनिटं चाला, हळू, पण ताठ. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. शिंक येणार असं वाटलं की भिंतीला हात टेकून पाठ सरळ धरा. खाली बसायच्या संडासात या दिवसांत कळ येते, कमोड नसेल तर मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती आणा. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दोन्ही टाळा, आपल्या रस्त्यांवर ते धक्के थेट कमरेत जातात. गरम पाण्याच्या पिशवीने किंवा मिठाच्या पुरचुंडीने शेकायला हरकत नाही, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. फक्त शेकत शेकत झोपू नका, कातडी भाजते.

सकाळचा पहिला तास जपा. रात्री झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा जवळपास एक सेंटीमीटर उंच असतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्या उठल्या केर काढणं, वाकून नळाखालच्या घागरी उचलणं, पहाटे पाचला येऊन पहिलाच सेट जड लावणं, हे सगळं याच तासात होतं. बरं असतानाही पहाटेच्या बॅचने आधी पंधरा मिनिटं चालावं, मग बारला हात लावावा. क्लासला सात-आठ तास बसून येणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत नुसत्या पॅरासिटामॉलने कंबर लवकर बरी होत नाही असं दिसलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी आराम पडतो, पण त्या डॉक्टरांना विचारूनच, जेवणानंतर आणि थोडेच दिवस घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि त्यात या गोळ्या किडनीवर ताण आणतात. गोळी घेऊन दुखणं दाबून व्यायामाला येऊ नका. दुखणं कळलंच नाही तर थांबायचं कुठे हेही कळत नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी ती ठळकपणे मांडली. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेत अशी वर सरकत असेल, तर कंबर जास्त दुखत असली तरी सुधारणा होते आहे. उलट कमरेचं कमी होऊन पावलाकडे उतरत असेल, तर जे करत आहात ते थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पुन्हा वजनाकडे

सुरुवात बारने नाही, पाण्याच्या जारने करतो. प्रत्येकाच्या घरी येतो तोच वीस लिटरचा जार. भरलेल्या जारचं वजन वीस किलोच्या आसपास, आमच्या रिकाम्या मोठ्या बारइतकं. जे जार नीट उचलू शकत नाहीत त्यांना आम्ही बार देत नाही, आणि जे शिकतात त्यांची कंबर घरीही वाचते.

आधी जारशिवाय, काठी घेऊन. काठी पाठीवर उभी धरायची, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे जरासे सोडून कुल्ले मागे ढकला, मागच्या भिंतीला टेकवायचे आहेत असे. काठी एका जरी जागी सुटली तर वाकणं कुल्ल्यातून नाही, कमरेतून झालं. आरशात बघून हे कळत नाही, काठीने लगेच कळतं. दहा-बारा वेळा काठी न सुटता जमलं की जार दोन पावलांच्या मध्ये ठेवायचा, अंगाला चिकटून. पोट असं आवळायचं की जणू कुणी गुद्दा मारणार आहे, आणि जमीन पायाने खाली ढकलत उभं राहायचं. जार हातभर पुढे धरला तर तोच वीस किलो कमरेला कितीतरी जड होतो. यार्डातले जुने हमाल पोतं अंगाशी घेतल्याशिवाय उचलत नाहीत, ते याचसाठी.

सोबत तीन व्यायाम. दोन्ही हात आणि गुडघे जमिनीला टेकून उजवा हात आणि डावा पाय लांब करून दहा सेकंद धरणं, मग बाजू बदलणं. कुशीवर कोपर टेकवून कंबर उचलून धरणं. आणि पाठीवर झोपून एक गुडघा मोडून, हाताचे तळवे कमरेखाली ठेवून डोकं-खांदे जमिनीपासून इंचभर उचलणं. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी हे तीन व्यायाम कंबर फार न दाबता तिला आधार देतात म्हणून सुचवले. साध्या सिट-अप्स या काळात बंद.

मग बार, पण जमिनीवरून नाही. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. आपल्याकडच्या दहा किलोच्या लोखंडी प्लेटा लहान आहेत. त्या लावल्या की बार पार घोट्याजवळ येतो आणि चांगल्या माणसाचीही पाठ गोल होते. माझ्या मते इथल्या निम्म्या दुखापती या एका कारणाने होतात. म्हणून प्लेटांखाली लाकडी ठोकळे ठेवून बार गुडघ्याच्या उंचीवर घ्यायचा. दर आठवड्याला थोडं वजन वाढवायचं, नंतर एकेक ठोकळा काढायचा. वजन वाढवायचं की नाही हे दुसऱ्या दिवसाची सकाळ ठरवते. कंबर आदल्या सकाळपेक्षा जास्त धरली असेल तर वजन एक पायरी खाली. थोडं कुरकुरत असेल आणि तासाभरात मोकळं होत असेल तर चालू ठेवा.

भरतीच्या मुलांना घाई असते हे मला कळतं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांतले १५ गोळाफेकीचे, आणि ७.२६ किलोचा गोळा लांब जावा म्हणून ते डेडलिफ्टच्या मागे लागतात. पण १६०० मीटर धावण्याचे २० आहेत, आणि धरलेल्या कमरेने ते धावता येत नाही. तारीख जवळ असेल तर आम्हाला सांगा, डेडलिफ्ट बाजूला ठेवून जोर-बैठका, फेकीचं तंत्र आणि धावणं यावर तयारी आखून देऊ.

कमरेचा पट्टा जड सेटपुरता बांधा. तो पोटातला दाब वाढवून आधार देतो, दुखापत बरी करत नाही. दिवसभर बांधून फिरू नका.

फीबद्दल

दुखापत झाली तर काउंटरवरच्या वहीत तारीख लिहा किंवा घरच्यांकडून निरोप पाठवा. त्या दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत सभासदत्व थांबवून ठेवतो, उरलेले दिवस पुढे मिळतात. दाखला मागत नाही. फी वाया जाईल म्हणून दुखत्या कमरेने कुणी येऊ नये. परत याल तेव्हा पहिले चार दिवस एक ट्रेनर तुमच्यासोबत राहील, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काठ्या पाण्याच्या टाकीजवळ, ठोकळे डंबेलच्या रॅकखाली आहेत. विचारत बसू नका, घ्या.