गँगस्टा रॅपच्या आरंभी उभा असलेला स्कूली डी

गँगस्टा रॅपचा, म्हणजे टोळ्या आणि गुन्हेगारीचे जग मांडणाऱ्या रॅपचा, इतिहास सांगताना बहुतेक जण १९८८ साली आलेल्या एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ या अल्बमपासून, म्हणजेच कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतात. या शैलीचा पाया मात्र त्याआधी तीन वर्षे, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, फिलाडेल्फियाच्या पश्चिम भागात घातला गेला होता. तो घालणाऱ्या जेसी वीव्हर ऊर्फ स्कूली डी याला त्याचे श्रेय आजही पुरेसे मिळत नाही, ही खेदाची बाब आहे.

१९८५ साली त्याने डीजे कोड मनी याच्या साथीने ‘पी.एस.के. व्हॉट डझ इट मीन?’ हे गाणे स्वतःच्याच लेबलवर काढले. शीर्षकातील आद्याक्षरे ‘पार्क साइड किलर्स’ या त्याच्या भागातील टोळीची होती. हे गाणे आजही ऐकताना आधी लक्षात राहतो तो त्याचा आवाज : ड्रम मशीनच्या प्रत्येक ठोक्याला इतका घुमारा दिलेला आहे की रिकाम्या गोदामात कोणी लोखंडी दार आपटत असावे असे वाटते, आणि त्या पोकळीत स्कूली डी अजिबात घाई न करता, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा, रात्रीची भटकंती, नशा आणि पिस्तूल यांविषयी बोलत राहतो. सुरुवातीच्या अल्बमची व्यंगचित्रासारखी मुखपृष्ठेही त्याने स्वतःच्या हाताने काढली होती.

लॉस एंजेलिसचा रॅपर आइस-टी याने आपल्या १९८६ च्या ‘सिक्स इन द मॉर्निन’ या गाण्यामागची प्रेरणा ‘पी.एस.के.’ हीच होती, असे उघडपणे सांगितले आहे. स्कूली डी टोळीचा नुसता उल्लेख करून पुढे जात होता. आइस-टीने तेच जग तपशीलवार, प्रसंगामागून प्रसंग सांगत उभे केले. पुढे याच वाटेने एन.डब्ल्यू.ए.ने अफाट खप मिळवला आणि श्रेयाचे केंद्र पश्चिम किनाऱ्याकडे सरकले.

स्कूली डी मात्र एकाच साच्यात अडकला नाही. १९८९ च्या ‘अ‍ॅम आय ब्लॅक इनफ फॉर यू?’मध्ये तो कृष्णवर्णीय अस्मितेकडे वळला, तर दिग्दर्शक एबल फेरारा यांच्या चित्रपटांतून त्याची गाणी वेगळ्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. त्यांपैकी ‘बॅड लेफ्टनंट’मधील गाण्यात लेड झेपलिन या रॉक बँडच्या ‘काश्मीर’ या गाण्याची धून वापरल्यावरून कायदेशीर वाद झाला आणि नंतरच्या आवृत्त्यांतून ते गाणे काढून टाकावे लागले. ‘पी.एस.के.’चा तो ठोका मात्र फिरतच राहिला : १९९१ मध्ये सूझी अँड द बॅन्शीज या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘किस देम फॉर मी’मध्ये आणि १९९७ मध्ये रॅपर नोटोरियस बी.आय.जी.च्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या अल्बममध्ये.