जॉर्ज स्मिथ आणि कॉर्नहिलची पेढी

‘जेन एअर’ ही कादंबरी म्हटली की तिची इंग्रज लेखिका शार्लट ब्रॉंटी आठवते. शार्लटचं बाड वाचून लगेच छापायला घेणाऱ्या प्रकाशक जॉर्ज स्मिथचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि त्याची मला खंत वाटते.

‘स्मिथ, एल्डर आणि कंपनी’ ही लंडनची पेढी त्याच्या वडिलांनी अलेक्झांडर एल्डर यांच्या भागीत १८१६ मध्ये काढली. पुस्तकं छापणं हा धंद्याचा एक भाग. मोठी उलाढाल हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना माल पाठवण्यात आणि त्यांचे पैशाचे व्यवहार सांभाळण्यात होती. व्हिक्टोरियन कादंबरीमागे आपल्याकडचा पैसा असा उभा होता, हे मराठी वाचकाने जरूर ध्यानात ठेवावं.

१८४६ मध्ये वडील वारले तेव्हा जॉर्ज २२ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी ‘करर बेल’ या टोपणनावाने ‘जेन एअर’चं हस्तलिखित आलं. रविवारी सकाळी तो वाचायला बसला. दुपारी बाराला मित्राबरोबर घोड्यावरून रपेट ठरली होती. घोडा दारात आला, पण याने चिठ्ठी लिहून मित्राला नकार कळवला. जेवणाची वेळ झाली तर सँडविच तिथेच मागवलं. रात्री झोपण्याआधी कादंबरी संपली होती. दोन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, पुस्तक बाजारात आलं.

करर बेल कोण, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शार्लट आणि तिच्या बहिणी एमिली व ॲन या तिघी बेल आडनावाच्या टोपणनावांनी लिहीत. बेल नावाचे तिन्ही लेखक म्हणजे एकच माणूस, असा बोलबाला झाला, तेव्हा जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि ॲन रात्रीच्या गाडीने लंडनला आल्या आणि ६५, कॉर्नहिलच्या कचेरीत शिरल्या. शार्लटने त्याच्याच हातचं पत्र त्याच्यापुढे धरलं. “हे तुम्हाला कुठे मिळालं?” त्याने विचारलं.

१८६० मध्ये त्याने कादंबरीकार थॅकरे यांच्या संपादनाखाली ‘कॉर्नहिल मॅगझिन’ हे मासिक सुरू केलं; पहिल्या अंकाच्या लाखावर प्रती खपल्या. पण त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे ब्रिटनचा राष्ट्रीय चरित्रकोश. लेस्ली स्टीफन आणि नंतर सिडनी ली यांनी संपादन केलं. १८८५ ते १९०० या काळात ६३ खंड निघाले. ही आतबट्ट्याची उठाठेव त्याने स्वतःच्या खिशातून तडीस नेली. एप्रिल १९०१ मध्ये तो गेला. त्याच वर्षी निघालेल्या पुरवणी खंडाच्या आरंभी सिडनी ली यांनी त्याचं चरित्र घातलं.