कळ दाबली की टेबलातून कप्पा वर येतो, आणि मोटर कुठेच नाही

व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्ट नावाचं लिहायचं टेबल फार चालायचं. जेमतेम दोन फूट रुंद, वर उतरती फळी, ड्रॉवर समोर नाहीत तर बाजूला, आणि त्यातही एका बाजूचे खरे, दुसऱ्या बाजूचे नुसते शोभेचे. नाव पडलं ते लँकेस्टरच्या गिलो या फर्निचरवाल्यांमुळे, १८व्या शतकाच्या शेवटी त्यांच्या वहीत कॅप्टन डेव्हनपोर्टसाठी केलेल्या डेस्कची नोंद आहे.

यातल्या काही भारी मॉडेल्समध्ये आत एक लपवलेली कळ असते, ती दाबली की कागद-पाकिटं ठेवायचा अख्खा कप्पा टेबलाच्या पोटातून वर येतो. बघणाऱ्याला जादूच वाटते पण आत काय आहे तर दोरी, पुली आणि वजनं, बस्स. इंग्लंडच्या घरांमध्ये वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या असायच्या, त्यांच्या चौकटीत अशीच वजनं लटकवलेली असायची, त्यामुळे सुतारांना ही युक्ती नवी नव्हती. समजा कप्पा ३ किलोचा आहे आणि वजनं मिळून ३.३ किलो, तर वर ढकलणारा जोर फक्त ३०० ग्रॅमच्या फरकाचा, पण हलवायचंय सगळं मिळून ६.३ किलो, म्हणून घर्षण सोडून दिलं तरी वेग वाढतो तो मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या साधारण विसाव्या भागानेच. म्हणून तो फटकन उसळत नाही, आरामात येतो. आणि म्हणूनच त्यात शाईच्या दौती आणि पत्रांचे गठ्ठे कोंबले की गाडी अडते, कारण तो ३०० ग्रॅमचा फरक तुम्हीच खाऊन टाकलेला असतो! खाली दाबून बसवताना तुम्ही जी ताकद लावता तीच पुढच्या वेळी वापरली जाते.

लोकांना चोरकप्प्यांचं जास्त कौतुक असतं, मला मात्र त्याहून भारी वाटतो तो रोल-टॉप, म्हणजे वरून लाकडी पट्ट्यांचा पडदा ओढून बंद करायचं टेबल. अमेरिकेत बफेलोच्या अ‍ॅबनर कटलरने १८८२ मध्ये याचं पेटंट घेतलं, पण लाकडी पट्ट्यांचा पडदा युरोपात त्याच्या खूप आधीपासून होता. आपल्या दुकानाचं शटर असतं ना तसंच, फक्त लाकडाचं. अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मागून जाड कापड चिकटवायचं आणि दोन्ही टोकं बाजूच्या वळणदार खाचेत सोडायची. पट्ट्या आडव्याच का, तर लाकूड ओलं असतानापासून पूर्ण वाळेपर्यंत रेषांच्या आडव्या दिशेने साधारण ५ ते १० टक्के आकसतं, लांबीत मात्र जेमतेम ०.१-०.२ टक्के. हवा दमट झाली की फुगतंही तसंच. म्हणजे पट्टीची लांबी जवळपास तेवढीच राहते, खाचेत अडकत नाही, आणि रुंदीत जे काही फुगायचं ते पडद्याच्या मोकळ्या टोकाकडे सरकून जातं. तेच एक सलग रुंद वाकवलेली फळी लावली असती तर पहिल्या दमट महिन्यातच रुसून बसली असती.

बऱ्याच रोल-टॉपमध्ये अजून एक गंमत असते, पडदा पूर्ण खाली आला की त्याची कड आतल्या एका दांड्याला दाबते आणि तो दांडा खालचे सगळे ड्रॉवर एकदम अडकवतो. एका किल्लीत अख्खं टेबल बंद.

इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनचं १८७४ च्या पेटंटचं डेस्क याहून जास्त गाजलं. कपाटासारखं दोन बाजूंना उघडणारं, शंभरच्या वर कप्पे, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडेही होतं. दिसायला जबरदस्त, पण मेकॅनिझम म्हणून बघाल तर मुख्यतः मजबूत बिजागऱ्याच की हो.

जुन्या रोल-टॉपमध्ये पहिलं मरतं ते कापड, लाकूड नाही. ते बदलणारे कारागीर अजूनही जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरसच वापरतात, कारण तो गरम पाण्याने सुटतो, आणि पन्नास वर्षांनी पुन्हा कुणाला कापड बदलायचं असेल तर पट्ट्या न फोडता काढता येतात.