पोलिसिंग व सामुदायिक सुरक्षा भागीदारी (उत्तर आयर्लंड)

पोलिसांच्या स्थानिक कामावर नगरसेवक आणि सामान्य नागरिक यांनी मिळून देखरेख ठेवावी, तसेच परिसर सुरक्षित राखण्याच्या कामात पोलिसांबरोबर घरे, शाळा, आरोग्य सांभाळणाऱ्या संस्थांनाही सामील करून घ्यावे, यासाठी उत्तर आयर्लंडमध्ये कायद्याने स्थापन झालेली मंडळे. ‘जस्टिस ॲक्ट (नॉर्दर्न आयर्लंड) २०११’ या कायद्यानुसार ती १ एप्रिल २०१२ पासून अस्तित्वात आली. तेथे त्यांना ‘पीसीएसपी’ (पोलिसिंग अँड कम्युनिटी सेफ्टी पार्टनरशिप) या आद्याक्षरांनीच ओळखतात. प्रत्येक जिल्हा कौन्सिलच्या क्षेत्रात असे एक मंडळ असते. २०१५ मध्ये २६ कौन्सिलांची ११ झाली, तेव्हा मंडळेही ११ झाली. बेलफास्ट या राजधानीच्या शहरात त्याशिवाय उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशी चार उपमंडळे आहेत.

या मंडळांचे महत्त्व समजण्यासाठी तेथील पोलीस दलाचा इतिहास आधी पाहावा लागतो. १९२२ मध्ये स्थापन झालेली रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी कॅथलिक समाजाला कधीच आपली वाटली नाही. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे कॅथलिक यांच्या वादातून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे तीस वर्षे चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत या दलाचे सुमारे ३०० पोलीस होते. लोकसंख्येत कॅथलिक ४० टक्क्यांहून जास्त असताना दलात त्यांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या शेवटी जेमतेम ८ टक्के होते. कित्येक वस्त्यांत घरफोडी झाली तरी माणसे पोलिसांकडे जात नसत. दोन्ही बाजूंच्या बेकायदा सशस्त्र (निमलष्करी) टोळ्या स्वतःच ‘न्याय’ करत, गुडघ्यात गोळ्या घालत. अशा ठिकाणी पोलिसांनी लोकांच्या प्रश्नांना जाहीरपणे उत्तरे द्यावीत ही मागणी कारभाराच्या सोयीपुरती नव्हती. शांतता टिकणार की नाही हेच त्यावर अवलंबून होते.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानुसार ब्रिटिश राजकारणी ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस सुधारणेसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९९९ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात १७५ शिफारशी होत्या. त्यांतली एक अशी : प्रत्येक जिल्हा कौन्सिलने आपली एक समिती म्हणून पोलीस भागीदारी मंडळ नेमावे, त्यात लोकनियुक्त सदस्यांचे बहुमत असावे आणि जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाने दर महिन्याला त्याच्यासमोर यावे. आयोग आणखी पुढे गेला होता. कौन्सिलला स्थानिक करातून, पौंडामागे तीन पेन्सपर्यंत, जादा सुरक्षा सेवांसाठी खर्च करता यावा, असे त्याने सुचवले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी घरवाटपातील पक्षपातामुळे तेथील कौन्सिलांचे बहुतेक अधिकार काढून घेण्यात आले होते आणि त्यांच्याकडे कचरा, बागा, जन्ममृत्यूची नोंद असलीच कामे उरली होती. हे लक्षात घेतले म्हणजे या शिफारशीचे धाडस कळते.

ब्रिटिश सरकारने पैशाची ही शिफारस स्वीकारली नाही. कौन्सिलच्या पैशावर माजी निमलष्करी माणसेच गल्लीचे पहारेकरी होतील, ही भीती त्यामागे होती. ती अगदी निराधार नव्हती, पण त्यामुळे मंडळाच्या हातात सल्ला आणि प्रश्न एवढेच राहिले. आयोगाचे एक सदस्य, गुन्हेशास्त्रज्ञ क्लिफर्ड शिअरिंग यांनी अहवालाचा गाभाच काढून घेतला गेल्याची टीका त्या वेळी उघडपणे केली होती. ‘पोलीस (नॉर्दर्न आयर्लंड) ॲक्ट २०००’ नुसार जिल्हा पोलीस भागीदारी मंडळे ठरली. ४ नोव्हेंबर २००१ रोजी जुन्या दलाच्या जागी पोलीस सर्व्हिस ऑफ नॉर्दर्न आयर्लंड आले आणि २००३ मध्ये जिल्ह्यांतली मंडळे कामाला लागली.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. आयर्लंडचे एकीकरण मागणाऱ्या शिन फेन पक्षाने बहिष्कार घातला होता. २८ जानेवारी २००७ च्या विशेष अधिवेशनात पोलीस व्यवस्थेला पाठिंबा देण्याचा ठराव होईपर्यंत त्याचे नगरसेवक या मंडळांत बसले नाहीत. शांतता करार न मानणारे सशस्त्र प्रजासत्ताकवादी गट सदस्यांना धमक्या देत होते. बैठकीला जाऊन पोलिसांना दोन प्रश्न विचारणे एवढ्यासाठीही तेथे हिंमत लागत असे, आणि सामान्य माणसांनी ती दाखवली, हे या संस्थेच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे.

त्याच काळात गुन्हे रोखण्यासाठी स्थानिक संस्थांना एकत्र आणणाऱ्या सामुदायिक सुरक्षा भागीदारी वेगळ्या चालत होत्या. तीच माणसे, तेच प्रश्न, दोन वेगळ्या बैठका. एप्रिल २०१० मध्ये न्याय व पोलीस हे विषय लंडनकडून बेलफास्टच्या विधानसभेकडे आले. त्यानंतर पहिले न्यायमंत्री डेव्हिड फोर्ड यांच्या काळात २०११ चा कायदा झाला आणि दोन्ही व्यवस्था एक झाल्या.

मंडळाची रचना बारकाईने बेतलेली आहे. त्यात कौन्सिलने नेमलेले ८ ते १० नगरसेवक असतात, आणि त्यांची निवड सभागृहातील पक्षीय बलाबल पाहून होते. नगरसेवकांहून एकाने कमी एवढे स्वतंत्र सदस्य नागरिकांमधून घेतले जातात. कौन्सिलने सुचवलेल्या नावांतून, संपूर्ण उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलावर देखरेख ठेवणारे पोलिसिंग बोर्ड त्यांची नेमणूक करते. अध्यक्षपद नगरसेवकाकडे, उपाध्यक्षपद स्वतंत्र सदस्याकडे असते. याखेरीज पोलीस, सरकारी घरे सांभाळणारी हाउसिंग एक्झिक्युटिव्ह, देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांकडे पाहणारे प्रोबेशन बोर्ड, युवा न्याय संस्था, आरोग्य व समाजसेवा ट्रस्ट, शिक्षण प्राधिकरण आणि अग्निशमन दल यांचे प्रतिनिधी मंडळावर येतात.

मंडळाच्या पोटात एक पोलिसिंग समिती असते आणि तिच्यात फक्त नगरसेवक व स्वतंत्र सदस्य बसतात. पोलीस किंवा इतर संस्थांना तिथे सदस्यत्व नाही, कारण जिल्ह्यातल्या पोलिसांची कामगिरी तपासणे हे तिचेच काम आहे. ही समिती स्थानिक पोलीस आराखड्यावर मत देते, वर्षभरात त्यातले काय झाले ते पाहते आणि पोलिसांना लोकांचे सहकार्य मिळावे म्हणून प्रयत्न करते. जिल्हा कमांडर आकडे घेऊन येतो : घरफोड्या, घरगुती हिंसाचार, अमली पदार्थ, रस्त्यावरचे अपघात. सदस्य त्यावर प्रश्न विचारतात. चौकशी कशी करावी, कोणाला अटक करावी, हे मात्र ते सांगू शकत नाहीत. तो निर्णय पोलिसांचा. घेतलेल्या निर्णयाबद्दल नंतर जाब देण्याची जबाबदारीही त्यांचीच, हा पॅटन अहवालाचा आग्रह होता.

पूर्ण मंडळाचे काम अधिक दैनंदिन स्वरूपाचे आहे. शेजार-पहारा योजनांना मदत, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांना चांगली कुलपे, गावात शिरणाऱ्या गाड्यांचा वेग दाखवणारे फलक, घरात उरलेली औषधे आणि अमली पदार्थ नाव न सांगता टाकता येतील अशा पेट्या, जुलैत प्रोटेस्टंट वस्त्यांत पेटणाऱ्या होळ्यांच्या आसपास तरुणांसाठी कार्यक्रम, अशा गोष्टींना त्याचा निधी जातो. हा निधी न्याय विभाग आणि पोलिसिंग बोर्ड मिळून देतात, आणि मंडळांवर लक्षही त्यांची संयुक्त समिती ठेवते.

इथेच या व्यवस्थेतला खरा पेच आहे. ज्या पोलिसांबरोबर मंडळ महिनाभर योजना राबवते, त्याच पोलिसांना पुढच्या बैठकीत त्याला धारेवर धरायचे असते. सहकार्य गोड असते आणि प्रश्न कडू, त्यामुळे कालांतराने योजनांचे पारडे जड होते. शिवाय दिसणारे काम योजनांचे असते, वर्तमानपत्रात छायाचित्र त्याचेच येते. दोन संस्था एक केल्याने पुनरुक्ती टळली हे खरे. पण पोलिसिंग समिती वेगळी ठेवली नसती, तर देखरेख हा भाग केव्हाच मागे पडला असता. तिचे स्वतंत्र अस्तित्व हाच या कायद्याचा सर्वांत मोलाचा भाग मानायला हवा.

स्थानिक पातळीवरच्या देखरेखीचा उपयोग २०१७ नंतर विशेष दिसला. जानेवारी २०१७ मध्ये बेलफास्टचे सरकार कोसळले. पोलिसिंग बोर्डाच्या १९ सदस्यांपैकी १० विधानसभेतून येतात. विधानसभेचे काम ठप्प असल्याने ते नेमले गेले नाहीत आणि २०१८ च्या अखेरीपर्यंत बोर्ड रीतसर भरू शकले नाही. कौन्सिलांना मात्र या पडझडीची झळ लागली नाही. त्यांचे निवडून आलेले नगरसेवक आपापल्या जागी होते.

महाराष्ट्राशी या विषयाचे नाते दूरचे वाटले तरी खरे आहे. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंधमध्ये पोलीस दल उभारले ते आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या नमुन्यावर. पुढे मुंबई इलाख्याने तो साचा उचलला आणि १८६१ च्या पोलीस कायद्यावरही त्याची छाप पडली. प्रजेवर वरून नजर ठेवणारे, बराकीत राहणारे, सरकारलाच उत्तरदायी असलेले दल ही ती कल्पना. रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी त्याच आयरिश दलाची उत्तरेतली वारस. आपल्याकडे पोलीस राज्य सरकारच्या हाती आहेत आणि महापालिकेला त्यांच्यावर देखरेखीचा अधिकार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी बांधलेल्या मोहल्ला समित्यांनी १९९२-९३ मध्ये ते शहर शांत ठेवण्यात मोठा वाटा उचलला, आणि मुंबईतही दंगलीनंतर अशा समित्या झाल्या. पण त्या अधिकाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या पुढाकारातून झाल्या. पोलिसांना जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क त्यांच्याकडे नव्हता आणि नगरसेवकांच्या सभागृहाशी त्या जोडलेल्या नव्हत्या. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्या गावातले तंटे मिटवतात. पोलिसांच्या कामाची तपासणी त्यांच्या कक्षेत येत नाही.

शेजारच्या प्रदेशांनी वेगळ्या वाटा घेतल्या. इंग्लंड व वेल्समध्ये १९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्टने अशा भागीदारी आणल्या, आणि प्रत्येक निर्णय घेताना गुन्ह्यांवरचा परिणाम विचारात घेण्याचे बंधन त्याच्या कलम १७ ने कौन्सिलवर घातले. २०१२ पासून तेथे पोलिसांवर देखरेख ठेवणारे, थेट निवडून आलेले पोलीस व गुन्हे आयुक्त आले. आयर्लंड प्रजासत्ताकात २००५ च्या गार्डा (तेथील पोलीस दल) कायद्याने कौन्सिल आणि पोलीस यांच्या संयुक्त समित्या नेमल्या होत्या. २०२४ च्या कायद्याने त्यांच्या जागी स्थानिक सामुदायिक सुरक्षा भागीदारी आणल्या असून, परिसराची सुरक्षितता ही एकट्या पोलिसांची नव्हे तर आरोग्य, शिक्षण, घरे पाहणाऱ्या सर्व सरकारी संस्थांची जबाबदारी आहे, ही भूमिका त्या कायद्याच्या मुळाशी आहे.