पार्श्वभूमी: फ्रिक्शन स्टर प्रोसेसिंग आणि मॅग्नेशियम कंपोझिटचे बल

1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून सांगलीच्या औद्योगिक पट्ट्याला बिडाचे ओतकाम चांगले परिचयाचे आहे. मॅग्नेशियम मात्र या फौंड्रीतल्या शिस्तीत बसणारा धातू नाही. वितळलेले मॅग्नेशियम उघड्या हवेत पेट घेते. कंपोझिट, म्हणजे कठीण पूड मिसळलेला धातू, बनवण्यासाठी त्याच्या रसात सिलिकॉन कार्बाइडची पूड ढवळली, तर पुडीचे जड कण तळाला बसतात, बारीक कणांचे पुंजके होतात आणि ओतीवात सच्छिद्रता राहते. घनता 1.74 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश, असूनही या धातूचे कंपोझिट दीर्घकाळ मागे राहिले, त्याचे एक मोठे कारण हेच.

वाट निघाली ती धातू न वितळवता. 1991 मध्ये ब्रिटनमध्ये फ्रिक्शन स्टर वेल्डिंग पुढे आले; यात फिरत्या टूलची पिन धातूत घुसवून, घर्षणाने मऊ झालेला धातू न वितळवता ढवळून जोडतात; आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तेच फिरते टूल जोडकामाऐवजी अखंड प्लेटमधून चालवून धातूचे स्फटिककण बारीक करण्याची पद्धत, म्हणजेच फ्रिक्शन स्टर प्रोसेसिंग, मांडली गेली. पुढच्या काही वर्षांत प्लेटमध्ये खाच पाडून तीत पूड भरण्याची कल्पना आली आणि आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही हा विषय आवाक्यातला वाटू लागला, कारण सुरुवातीला एक भक्कम व्हर्टिकल मिलिंग मशीन पुरते. एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या खाचेत पूड दाबून बसवतात, आधी बिनपिनेचे टूल फिरवून खाचेचे तोंड बंद करतात आणि मगच पिन आत उतरवतात; तोंड बंद केले नाही तर पूड बाहेर उडते. खाच पाडताना निघणारा कीस वेळीच झाडून घ्यावा लागतो आणि त्याने पेट घेतल्यास पाणी न मारता कोरडी वाळू टाकावी लागते.

खरा वाद आहे तो निष्कर्षांच्या मांडणीचा. मूळ ओतीव प्लेट आणि पूड घालून ढवळलेली प्लेट या दोघांचीच तुलना करून वाढलेल्या बलाचे (भार सोसण्याच्या ताकदीचे) श्रेय पुडीला देण्याची पद्धत बराच काळ चालली. वास्तविक नुसत्या ढवळण्यानेच ओतीव एझेड91 या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूमधील शेकडो मायक्रॉनपर्यंतचे स्फटिककण दहा मायक्रॉनच्या आत येऊ शकतात, कणसीमांवरचे (स्फटिककण एकमेकांना भिडतात तिथले) मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमच्या ठिसूळ संयुगाचे जाळे फुटून बरेचसे विरघळते आणि सच्छिद्रता बुजते. त्यामुळे बल आणि तन्यता, म्हणजे न तुटता ताणले जाण्याची क्षमता, दोन्ही वाढतात. पूड न घालता ढवळलेला तिसरा नमुना शेजारी ठेवल्याशिवाय पुडीचा वाटा ठरवताच येत नाही, आणि असा नमुना नसलेला निष्कर्ष अपुराच मानला पाहिजे. पुडीचे काम आहे, पण ते मुख्यतः कणसीमा अडवून धरण्याचे, म्हणजे ढवळताना तापलेल्या धातूत स्फटिककण पुन्हा वाढू न देण्याचे. पुडीचे पुंजके राहिले तर तीच पूड तडा सुरू होण्याची जागा ठरते आणि तन्यता घटते. म्हणून टूल त्याच वाटेवरून अनेकदा फिरवण्याचा प्रघात पडला.

गुंतागुंत आणखी वाढवतो तो नमुना कापण्याचा निर्णय. मॅग्नेशियमची स्फटिकरचना षट्कोनी आहे आणि सामान्य तापमानाला तिचे थर प्रामुख्याने पायाच्या प्रतलावरच (षट्कोनाच्या सपाट तळाच्या पातळीवर) सहज घसरतात. टूलची पिन फिरते तेव्हा ही प्रतले पिनेच्या पृष्ठभागाला लपेटल्यासारखी वळतात, त्यामुळे ढवळलेल्या पट्ट्यात जागोजागी घसरण्याची सोय बदलते. लाटलेल्या एझेड31 या मिश्रधातूच्या पत्र्याचे स्फटिककण बारीक होऊनही त्याचे यील्ड बल (कायमचे वाकणे-ताणणे सुरू होते तो ताण) कधी कधी घटते आणि लांबणे वाढते, ते यामुळेच. टूलच्या वाटेने कापलेल्या, म्हणजे उभ्या, नमुन्यात सगळा भाग ढवळलेलाच येतो. वाटेला आडव्या कापलेल्या नमुन्यात त्या भागाची सीमाही येते आणि तुटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. प्रत्यक्ष भागावर भार कोणत्या दिशेने येईल हे आधी सांगता येत नसेल, तर केवळ उभ्या नमुन्याचा आकडा कंपोझिटचे बल म्हणून छापणे योग्य नाही.

अलीकडे भर पाण्याखाली प्रक्रिया करून उष्णता लवकर काढून घेण्यावर आणि शरीरात विरघळणाऱ्या रोपणांसाठी हायड्रॉक्सीअपेटाइट (हाडांतल्या खनिजासारखा पदार्थ) मिसळण्यावर आहे. इथे टूलच्या झिजेचा प्रश्न गंभीर होतो, कारण कठीण पूड पोलादी पिन खरवडते आणि त्यातून मिसळलेले अत्यल्प लोखंडही मॅग्नेशियमचे गंजणे झपाट्याने वाढवते.